दुप्पट वेगावरची आई

आमच्या खोलीवर 'निळं करणं' असा एक शब्द चालायचा. तो कुणी काढला ते आता आठवत नाही. चेन्नईजवळ पडप्पैला दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहत होतो, पाचही महाराष्ट्रातले, पाचही ओरगडमच्या कारखान्यांत कामाला. गावाकडून मोबाईलवर बोलून पाठवलेला निरोप आला, की त्याच्या शेजारी एक छोटा माईक दिसतो. आपण तो निरोप वाजवला की माईक निळा होतो, आणि पाठवणाऱ्यालाही तिकडे तो निळा झालेला दिसतो. गावाकडच्या आयांना एरवी मोबाईलमधलं काही कळो न कळो, ही एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती. निळं होईपर्यंत त्या फोन खाली ठेवत नसत. त्यामुळे सांगलीकडचा माझा सोबती जेवायला बसताना रोज विचारायचा, "आईचं निळं केलंस का?" गॅस बंद केलास का, हे विचारावं त्याच सुरात.

माझी आई अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात एकटी राहायची. वडील मी दहावीत असताना गेले. तिनं वीस-बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवली आणि मला आयटीआय केलं. तिला अक्षरं जुळवून वाचता यायचं, पण मोबाईलवर लिहिणं जमत नव्हतं. शेजारच्या वहिनींनी तिला बटण दाबून धरून बोलायला शिकवलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी चूल आवरली की ती माझ्याशी चार-पाच मिनिटं बोलून ते पाठवून द्यायची. सुरुवात ठरलेली असायची. "हां. ऐक." मग वहिनींची म्हैस व्यायली, अंबाडीची भाजी केली, नळाला आज पाणी आलं नाही, शाळेतल्या नव्या बाई चांगल्या आहेत.

आई मुळातच सावकाश बोलणारी. वडील म्हणायचे, हिचं एक वाक्य पुरं होईपर्यंत स्टँडवरनं एसटी निघून जाते. ती हसायची आणि तितक्याच सावकाश म्हणायची, "जाऊ दे की मग. दुसरी येती."

मी चेन्नईत आलो तो आधी अंबत्तूरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये. दोन वर्षांनी ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात लागलो. तिथं माझं काम आहे ऐकण्याचं. गिअरबॉक्स जोडून झाला की शेवटी आमच्या काचेच्या खोलीत येतो. तो मोटारीला जोडून फिरवायचा आणि कान देऊन ऐकायचा. यंत्रंही मोजमाप करतात, पडद्यावर रेषा उमटतात, पण रेषा सरळ आली तरी एखादी खोट राहून जाते आणि ती कानालाच कळते. एखादा दात खरवडलेला असतो, बेअरिंगमध्ये कण अडकलेला असतो. बरा वाटला तर हिरवी चिठ्ठी लावायची, खोट वाटली तर लाल.

मला हे शिकवणारे अण्णा मदुराईकडचे. त्यांचा एकच धडा होता: "मेल्ल केळु." म्हणजे हळू ऐक. नव्या माणसाला घाई असते, तो गिअरबॉक्स एकदम जोरात फिरवतो. वेग वाढला की सगळे आवाज एकमेकांत मिसळून गुळगुळीत होतात आणि खोट झाकली जाते. कमी वेगावर ती उघडी पडते. हे मी दोन-तीन महिन्यांत शिकलो. आता इतरांना शिकवतो.

आईला या कामाचा भारी अभिमान. "माझा ल्योक नुसतं ऐकून मशीनचा आजार सांगतोय," असं ती पिठाच्या गिरणीत, देवळात, भेटेल त्याला सांगायची. डॉक्टर छातीला नळी लावतात त्याच तोडीचं काहीतरी मी करतो, अशी तिची समजूत होती. मी ती कधी दुरुस्त केली नाही. आपल्याविषयी कुणी चार शब्द चढवून बोललं तर कुणाला नको असतं?

कारखान्यात मोबाईल नेता येत नाही. फाटकाशी खण आहेत, तिथं फोन ठेवायचा, नंबराचा बिल्ला घ्यायचा आणि आत जायचं. दुपारी तीनला बाहेर आलो की बिल्ला देऊन फोन घ्यायचा, आणि कंपनीच्या बसमध्ये बसेपर्यंत आईचा निरोप समोर असायचा. दिवसभर कानांनी काम केलेलं असायचं. कुणाचाही आवाज नकोसा व्हायचा, आणि आईचा निरोप तर पाच मिनिटांचा. मग सांगलीवाल्यानं मला एक बटण दाखवलं. ते एकदा दाबलं की निरोप दीडपट वेगानं वाजतो, पुन्हा दाबलं की दुप्पट. "तुझ्या आईला दोनवर ठेव," तो म्हणाला. "आपल्यासारखी बोलती मग."

खरंच तशी बोलायला लागली. दुप्पट वेगावर आई चटपटीत वाटायची, तालुक्याच्या कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्या बाईसारखी. म्हैस, अंबाडी, नळ, शाळा, सगळं दोन-अडीच मिनिटांत. मला ती तशी आवडायलाही लागली, हे लिहिताना लाज वाटते. वर्षभरात मी आईचा एकही निरोप तिच्या स्वतःच्या वेगानं ऐकला नाही.

पुढं तेवढंही जड झालं. बसमध्ये कुणी क्रिकेट लावलेलं असायचं, कुणी भांडत असायचं, कधी मलाच डोळा लागायचा. मग मी आवाज पूर्ण बंद करून निरोप नुसता चालू करून ठेवायचो. तो मुका मुका वाजून संपायचा, माईक निळा व्हायचा, तिकडे आई निश्चिंत व्हायची. वर मी एक अंगठा पाठवून द्यायचो, सगळं ठीक असल्याचा. खोलीवरचे सगळेच असं करायचे, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं वाटलंच नाही. रोज नाही करायचो. आठवड्यातून दोनदा, तीनदा.

मोबाईलमुळे दूरची माणसं जवळ आली असं कुणी म्हणालं, की माझं डोकं फिरतं ते म्हणूनच.

रविवारी मी फोन करायचो, पण फोनवर ती आक्रसून जायची. गेल्या गणपतीच्या सुमाराला ती एका शब्दापाशी अडली. "ते हे... ते..." असं करत राहिली. मागं खोलीवर भाजी करपत होती. मी म्हणालो, "आई, लवकर बोल की, मुद्द्याचं सांग." तिनं तो शब्द सोडूनच दिला. मग म्हणाली, "मी बोलूनच पाठवते. तू सवडीनं ऐक." त्यानंतर रविवारी फोन लावला की ती म्हणायची रेंज नाही, नाहीतर चुलीवर काही ठेवलंय, आणि दोन शब्दांत ठेवून द्यायची. मला बरंच वाटलं. दिवाळीला रजा मिळाली नाही, पोंगलच्या सुट्टीत गाडीचं आरक्षण मिळालं नाही. म्हटलं, रोज ऐकतोच आहे की.

संक्रांतीनंतरच्या एका मंगळवारी तीन वाजता फोन हातात घेतला तर वहिनींचे अकरा मिस्ड कॉल होते. मी फाटकातच फोन लावला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आत्या सकाळी भाकरी थापता थापता पडल्या. सोलापूरला आणलंय. तुम्ही निघा." मी बिल्ला घेऊन पुन्हा आत गेलो, अण्णांना सांगितलं, आणि त्यांनी स्वतःच्या गाडीवरून मला स्टेशनला सोडलं. जनरलच्या डब्यात उभा राहून, बसून, सोलापूर आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

आईचं तोंड उजवीकडून ओघळलं होतं. उजवा हात चादरीवर पडला होता, तो तिचा वाटतच नव्हता. तिनं मला ओळखलं. ओठ हलवले, घशातून एक आवाज काढला, आणि तो शब्द होत नाही हे माझ्या तोंडावरून तिला समजलं. तिनं मान पलीकडे वळवली.

डॉक्टर बाई तरुण होत्या, वहीत लिहून घेत होत्या. त्यांनी विचारलं, "यांचं बोलणं आधी कसं होतं? अडखळणं, जीभ जड होणं, असं काही?"

वहिनी म्हणाल्या, "आत्या आधीपासनंच सावकाश बोलत्यात, मॅडम. आमाला काय फरक कळंना. एक दिवस मात्र..." रोज पाहणाऱ्याला पोर वाढलेलं दिसत नाही, तसंच ते.

त्यांचं बोलणं पुरं होण्याआधीच मी मधे पडलो. चांगला ठासून म्हणालो, "नाही मॅडम, बोलणं एकदम व्यवस्थित होतं. मी रोज ऐकतो. परवापर्यंतचं माझ्या फोनमध्ये आहे."

त्यांनी ते लिहून घेतलं. तासाभरानं डोक्याचे फोटो आले. त्यांनी ते उजेडासमोर धरून मला दाखवले. मोठा डाग कालचा होता. त्याच्या आजूबाजूला तीन-चार लहान डाग होते. "हे जुने आहेत," त्या म्हणाल्या. "गेल्या सहा-आठ महिन्यांतले. बारीक झटके येऊन गेलेत. बोलण्यात फरक पडायलाच हवा होता. नीट आठवून बघा."

मला राग आला. त्यांना काय ठाऊक माझी आई कशी बोलते, असं वाटलं. मी बाहेर येऊन एक्स-रेच्या खोलीसमोरच्या बाकावर बसलो, कानात इअरफोन घातले, आणि त्यांना ऐकवण्यासाठी परवाचा निरोप लावला. तेवढ्यासाठी वेग एकवर आणला.

आधी मला वाटलं फोन बिघडला. आवाज ओढल्यासारखा येत होता. "हां" नंतर कितीतरी वेळ नुसता श्वास, मग "ऐक". मग एक घोट. मग "वहि", थांबून "नी". मी बटण पुन्हा पुन्हा दाबलं. दोनवर नेलं की माझी रोजची आई, चटपटीत. एकवर आणलं की कुणीतरी म्हातारी जीभ उचलून उचलून ठेवत बोलतेय. फोनला काहीही झालेलं नव्हतं.

मग मी उन्हाळ्यापासूनचे काही काही निरोप क्रमानं ऐकायला घेतले. पहिल्यांदा मी ते माझ्या कामासारखे ऐकले, प्रत्येक निरोप त्याच वेगावर, त्याच आवाजात. वैशाखातली आई माझी आई होती, सावकाश पण गोल बोलणारी. श्रावणात 'र' घसरायला लागला होता. गणपतीनंतर ती अवघड शब्द टाळत होती, 'ज्वारी' न म्हणता 'ते आपलं दाणं' म्हणत होती. दिवाळीच्या निरोपात तिनं एक वाक्य तीनदा सुरू केलं आणि सोडून दिलं. इतकी उघडी खोट होती. असा गिअरबॉक्स मी झोपेतसुद्धा पास केला नसता.

मधूनमधून असे निरोप लागत होते की त्यातलं मला काहीच ओळखू येईना. हे मुके वाजवलेले. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारचा तसाच होता. त्याच्यापुढे निळा माईक होता, खाली माझा अंगठा होता, आणि मी तो त्या बाकावर पहिल्यांदा ऐकत होतो.

"हां. ऐक. आज गुरवार. पूजा मांडली... आरती म्हणायला गेले, तर तोंडातनं शब्दच निघंना. डोक्यात हाय, तोंडात येईना. पाव तास तशीच बसले. मग आलं." बराच वेळ थांबून, "वहिनी म्हणती डॉक्टरकडं चला. मी म्हटलं, थांब. माझ्या पोराला आवाजातलं कळतंय. तू ऐक नीट. ऐकून सांग, काय खोट वाटती का."

आणि मी अंगठा पाठवला होता.

तो दिवस मला आठवत नाही. बसमध्ये काय चाललं होतं, मी खिडकीबाहेर बघत होतो की झोपलो होतो, काहीच आठवत नाही. आठवण्यासारखं काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचा निरोप अवघा अर्ध्या मिनिटाचा. त्यात तिचा सूर हलका झाला होता. "अंगठा आला तुझा. मग काय न्हाई. वहिनीला दाखवला. म्हटलं, पोरानं ऐकलंय, बरं हाय म्हणतोय. आता काय नको डॉक्टर."

एक्स-रेला लोक येत होते, जात होते. शेवटी उठलो आणि डॉक्टर बाईंकडे गेलो. फोन त्यांच्या टेबलावर ठेवला आणि तो गुरुवारचा निरोप वाजवला. त्या पूर्ण ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याच दिवशी आणलं असतं तर गोळ्या सुरू करता आल्या असत्या. हा मोठा झटका कदाचित टळला असता. नक्की नाही सांगता येत." वहीतली माझी सकाळची ओळ त्यांनी खोडली. खोडताना एवढंच विचारलं, "तुम्ही रोज ऐकत होता म्हणालात ना?"

बैल गेला आणि झोपा केला. आता गोळ्या सकाळ-दुपार-संध्याकाळ चालू आहेत.

वहिनींनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त डबा घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "मी म्हटलं होतं त्यांना, भाऊजी. पण तुमचा अंगठा दाखवून गप केलं मला." त्या बोलल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला सोसलं असतं.

वीस दिवसांनी रजा संपली. आईला चेन्नईला आणायचं म्हटलं तर पाच पुरुषांच्या खोलीत तिला ठेवणार कुठं, आणि मी कामावर गेलो की तिच्यापाशी कोण? तिला ना तिथली भाषा येते, ना आता कुठलीच. मीच हे बोललो आणि तिनं डाव्या हातानं नको नको केलं. मावशी तिच्याजवळ राहायला आली. निघताना मी तिच्या पाया पडलो आणि जे सांगायचं ते सांगून टाकलं. म्हणालो, "आई, तो गुरुवारचा निरोप मी ऐकलाच नव्हता. नुसता निळा केला होता." ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला कळलं की नाही, हे मला अजून माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, कधी कळतं, कधी नाही. तिनं डावा हात माझ्या कानावरून फिरवला, तोंडावरून फिरवतात तसा, आणि मी गाडीला आलो.

महिन्याभरानं एका दुपारी फाटकाशी फोन घेतला तर तिचा निरोप आलेला होता. सदतीस सेकंदांचा. वहिनी फोन धरतात आणि ती डाव्या अंगठ्यानं बटण दाबते. मी बसमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसलो आणि एकवर लावला. श्वास होता. लांब कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग घशातून एक आवाज, तो थांबला, पुन्हा तोच आवाज. 'हां' असावा. 'ऐक' नव्हता.

मी उत्तरादाखल दोन मिनिटं बोलून पाठवलं. काय बोलावं सुचत नव्हतं, तर आजचं जेवण सांगितलं, अण्णांनी तिची चौकशी केल्याचं सांगितलं. संध्याकाळी वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं बोलणं ऐकलं त्यांनी. माईक निळा झालेला पण दाखवला. तरी फोन सोडंनात. स्वतःचा अंगठा वर करून दाखवत्यात सारख्या."

मला लगेच समजलं, पण मी म्हणालो, "म्हणजे काय?"

"तुमचा अंगठा आला का, इचारत्यात. तो आल्याबिगर जेवायच्या नाहीत म्हणून बसल्यात."

मी अंगठा पाठवला. वहिनी म्हणाल्या, आता घास घेतला.

तेव्हापासून हे रोजचं आहे. खोलीवर आता कुणी मला निळं केलंस का म्हणून विचारत नाही. सांगलीवाल्यानं स्वतःचा मोबाईलही एकवर आणून ठेवलाय, मी पाहिलंय. मी दिवसभर काचेच्या खोलीत हळू ऐकतो, खोट वाटली की लाल चिठ्ठी लावतो. तीनला बिल्ला देऊन फोन घेतो. बसमध्ये आईचा निरोप पूर्ण ऐकतो, तीन-तीनदा ऐकतो. गेल्या पंधरा दिवसांत तिच्या श्वासात एक ओली घरघर आली आहे आणि तो 'हां' आखूड होत चालला आहे. मी डॉक्टर बाईंना फोन करून सांगितलं, त्यांनी मावशीला काय करायचं ते समजावलं, पण सुधारेल असं त्या म्हणाल्या नाहीत. खोट मला स्वच्छ ऐकू येते. तिकडे आई ताट पुढे घेऊन फोनकडे बघत बसलेली असते, आणि मी अंगठा पाठवतो.